मजकूर जसाच्या तसा

हेडक्लार्कांनी फक्त एक तक्रार करायची ठरवली होती. त्यात त्यांना अवघड काहीच नव्हतं. पाणीपुरवठा खात्याच्या आवक-जावक विभागात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. तक्रार आली की तिला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा आणि ती पलीकडच्या टेबलाकडे सरकवायची, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं होतं. पण आपण पाठवलेली तक्रार फिरून आपल्याच टेबलावर येते आणि वर "स्वागत आहे" म्हणते, हा प्रकार त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

झालं होतं असं. बायकोने हॉलच्या कोपऱ्यात एक जुनं एम्ब्रॉयडरी मशीन आणून ठेवलं होतं. कॉम्प्युटरवर अक्षरं टाइप करायची, ती 'सुईदोरा' नावाच्या प्रोग्रॅमने टाक्यांत बदलायची आणि मशीनला पाठवायची, की मशीन ती कापडावर भरून देई. हा सुईदोरा फुकट होता. हौशी मंडळींनी मिळून बनवलेला, ज्याला वाटेल त्याने वापरावा, ज्याला वाटेल त्याने सुधारावा, कुणी कुणाला पगार देत नाही असा कारभार. पगाराशिवाय माणसं काम करतात हेच मुळात हेडक्लार्कांना पटत नव्हतं. (पगार घेऊनही ती करत नाहीत, असा त्यांचा जवळून घेतलेला अनुभव होता.)

त्यात बायकोला तिची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. गावात एक नवं हॉटेल उघडत होतं आणि त्यांना पांढऱ्याशुभ्र टर्किश टॉवेलांवर सोनेरी दोऱ्याने हॉटेलचं नाव हवं होतं. टॉवेल पसंत पडले तर पडदे, चादरी, वेटरचे कोट, सगळं हिच्याकडेच येणार. मग मशीन हॉलच्या कोपऱ्यातून उचलायचं आणि कोपऱ्यावरच्या रिकाम्या गाळ्यात दुकान टाकायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. येताजाता ती त्या गाळ्याच्या बंद शटरकडे, सांगून आलेल्या स्थळाकडे बघावं तशी बघायची.

"अहो, तेवढं ते मदतीचं पान वाचून सांगा ना," ती एकदा म्हणाली. "अक्षरं फार दाट येताहेत."

हेडक्लार्कांनी चष्मा लावून सुईदोऱ्याची मार्गदर्शिका उघडली. तिथे लिहिलं होतं, 'योग्य ती घनता निवडून पुढे जा.' एवढंच. योग्य म्हणजे कोणती, निवडायची कुठे, आणि पुढे म्हणजे कुठल्या दिशेला, यावर अवाक्षर नव्हतं. हेडक्लार्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे त्या मंडळींना कळवलं, 'आपली मार्गदर्शिका वाचून सुज्ञ नागरिकासही कोणताही बोध होत नाही, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.'

चहा संपायच्या आत उत्तर आलं. पाठवणाऱ्याने 'उलटाटाका' असं नाव घेतलं होतं. तो पुरुष की बाई, तरुण की म्हातारा, काही कळायला मार्ग नव्हता. उत्तर असं होतं, 'अगदी खरं. आम्हालाही होत नाही. तुम्ही सुधारून द्याल का? स्वागत आहे.'

"म्हणजे काय?" हेडक्लार्क गोंधळून म्हणाले. "तक्रार ज्याची, काम त्यानेच करायचं?"

"फुकट आहे ना ते," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "मग करायचं कुणी?"

"उद्या आमच्याकडे असं सुरू झालं तर लोक कुदळी घेऊन आपापले नळ खणत बसतील!"

"बरं होईल. निदान पाणी तरी येईल."

हे वाक्य त्यांना लागलं. शिवाय "सुधारून द्याल का" या प्रश्नात त्यांच्या लेखणीला आव्हान होतं. खात्यातली परिपत्रकं तेच लिहायचे आणि आजवर एकाही परिपत्रकाला कुणी प्रश्न विचारला नव्हता. (ती कुणी वाचतच नसेल, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवली नव्हती.) त्यांनी होकार कळवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिला मसुदा त्यांनी झोकात लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, वापरकर्त्याने प्रथमतः विद्युतपुरवठा अस्तित्वात असल्याची खातरजमा करावी व तदनंतर...' उलटाटाक्याने तो वाचून कळवलं, 'तीन पानं झाली, सुई अजून कापडाला लागलेली नाही. प्रत्येक वाक्याला एकच विचारा: हे वाचून माणूस हाताने काय करेल?'

हेडक्लार्कांनी आपल्या वाक्यांना विचारलं. एकही वाक्य बोलेना.

मग त्यांनी ठरवलं की माहिती थेट जाणकाराकडूनच घ्यावी. जाणकार हॉलच्या कोपऱ्यात बसली होती.

"दोऱ्याचा ताण किती ठेवायचा?"

"बेताचा."

"बेताचा म्हणजे किती?"

"दोरा तुटणार नाही आणि खालून झोळ येणार नाही इतका."

"आकड्यात सांग."

"आकड्यात कसं सांगू? कानाला कळतं ना. मशीनचा आवाज बदलतो."

"अगं, मार्गदर्शिकेला कान कुठून लावू?"

"मग मला नका विचारू. दोन दिवस मशीनवर बसा, आपोआप कळेल."

आपोआप कळणार असेल तर मार्गदर्शिका हवी कशाला, हे त्यांना कळेना, आणि ज्याला आपोआप कळतं त्याला ते सांगता का येत नाही, हे तर त्याहून कळेना. त्यांनी आपली ऑफिसची पद्धत वापरली. तिथे कुठल्याही फायलीवर काही अडलं की ते समासात शेरा मारत, 'साहेबांशी चर्चा करणे', आणि पान उलटत. इथेही जिथे जिथे अडलं तिथे तिथे त्यांनी शेरा मारला, 'हिला विचारून लिहिणे', आणि पुढे गेले. मग ती भाजी निवडत असताना, कपडे वाळत घालत असताना, एकदा तर शेजारणीशी बोलत असताना मधेच जाऊन त्यांनी उत्तरं मिळवली आणि एकेक शेरा खोडून तिथे माहिती भरली. सगळे शेरे गेले अशी त्यांची समजूत होती.

नव्या मसुद्यावर उलटाटाका खूश झाला. (किंवा झाली.) फक्त दोन सूचना आल्या. एक: 'वाचणाऱ्याला स्वतःच्या मनाने काही ठरवायला लावू नका. जिथे टाइप करायचं तिथे जसंच्या तसं टाइप करायला सांगा.' ते हेडक्लार्कांनी लगेच केलं. दुसरी सूचना जरा विचित्र होती. 'ज्याने मशीन कधी चालवलेलं नाही अशा माणसाला मार्गदर्शिका द्या आणि त्याला एकट्याने काम करू द्या. तुम्ही तोंड उघडायचं नाही. तो गोंधळला तरी सांगायचं नाही. चाचणी झाली की मार्गदर्शिका तुमच्या नावाने लावू.'

तुमच्या नावाने! हेडक्लार्कांनी आयुष्यभर लिहिलं त्यावर सही कायम साहेबांची असे. त्यांना दोन रात्री धड झोप लागली नाही.

तसं माणूस घरातच होतं. सासूबाई काही दिवसांसाठी राहायला आल्या होत्या. सासूबाई रिटायर्ड नर्स. डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं असेल तेच करायचं, कमी नाही, जास्त नाही आणि आपलं डोकं चालवायचं नाही, या शिस्तीत त्यांची हयात गेली होती. झोपलेल्या पेशंटला उठवून झोपेची गोळी दिल्याचं त्या आजही अभिमानाने सांगत. याहून चांगला वाचक हेडक्लार्कांना दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

रविवारी बायको दोरे आणायला घाऊक बाजारात निघाली. तिथून ती हॉटेलात जाणार होती. सोमवारी सकाळी टॉवेल द्यायचे होते. सगळे टॉवेल घडी घालून मशीनशेजारी रचलेले, सोनेरी दोरा मशीनला लावलेला.

"मशीनला हात लावू नका हं," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "नाव मी आल्यावर घालते."

"मी? मी बोटसुद्धा लावणार नाही," हेडक्लार्क म्हणाले, आणि हे शब्द त्यांनी अक्षरशः पाळले.

दार लागल्याबरोबर त्यांनी सासूबाईंना मशीनसमोर बसवलं, मार्गदर्शिकेची छापील प्रत हातात दिली आणि सरावासाठी जुन्या चादरीचे कापलेले तुकडे खुर्चीवर ठेवले. आपल्याला बोलायचा मोह होऊ नये म्हणून स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसले. सासूबाईंना खुर्ची कडक लागली. चादरीच्या तुकड्यांची चांगली जाड घडी करून त्या तिच्यावर बसल्या. मार्गदर्शिकेत 'कापड घ्यावे' असं होतं. शेजारी कापड होतंच.

थोड्या वेळाने त्या कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या.

"जावईबापू, इथे मजकूर टाइप करायला सांगितलाय..."

हेडक्लार्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाही, पण हे असंच लिहायचं का?"

"आई, जे लिहिलंय ते. जसंच्या तसं."

"पण यात म्हटलंय की हिला विचा..."

"कुणाला काही विचारायचं नाही! तोच तर नियम आहे."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. मलाही नाही, तिलाही नाही. कागद सांगेल ते करायचं."

सासूबाईंचा चेहरा खुलला. असं स्पष्ट बोलणारा डॉक्टर त्यांना पुष्कळ वर्षांनी भेटला होता. त्या गेल्या आणि मशीन सुरू झालं. हेडक्लार्क कान लावून ऐकत राहिले. टकटकटकटक. मधे थांबे, पुन्हा सुरू होई. प्रत्येक टकटकीबरोबर त्यांची छाती फुगत होती. एक बाई, जिने आयुष्यात मशीनला हात लावलेला नाही, ती केवळ आपल्या गद्याच्या बळावर भरतकाम करत होती! त्यांनी स्वतःसाठी चहा केला. मग सासूबाईंसाठी केला. मग, नियम मोडू नये म्हणून, तोही स्वतःच प्यायले.

टकटक काही थांबेना. चादरीचे तुकडे एवढे होते का, असा प्रश्न त्यांना पडला, पण चाचणीत व्यत्यय नको म्हणून त्यांनी तो गिळला. शेवटी जेव्हा सगळं शांत झालं तेव्हा सासूबाईंचा आवाज आला, "झाले हो सगळे!"

सगळे?

हेडक्लार्क हॉलमध्ये आले. टॉवेलांची रास नेटकी रचलेली होती. वरच्या टॉवेलावर सोनेरी, टपोऱ्या, डौलदार अक्षरांत भरलेलं होतं:

हिला विचारून लिहिणे

त्यांनी तो टॉवेल उचलला. खालच्यावरही तेच. त्याच्या खालच्यावरही तेच.

"आई! हे... हे सगळ्यांवर कशाला?"

सासूबाईंनी कागद पुढे केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'याप्रमाणे उर्वरित सर्व नगांबाबत कार्यवाही पूर्ण करावी.' ही हेडक्लार्कांची आवडती ओळ होती. उलटाटाका नको म्हणत असताना त्यांनी ती भांडून ठेवली होती.

"आणि चादरीचे तुकडे?"

"कुठले तुकडे?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्या कशावर बसल्या होत्या ते उघड झालं.

हेडक्लार्क भिंतीला टेकले. नोकरीत संकट आलं की ते फाइल पलीकडच्या टेबलाकडे सरकवत. इथे पलीकडे टेबलच नव्हतं, नुसती सासू होती, आणि तिचं काडीइतकंही चुकलं नव्हतं. तो गाळा, ते शटर, बायकोचं ते येताजाता वळून बघणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना खरोखर भीती वाटली.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. बायको आली होती आणि तिच्यामागे हॉटेलच्या मॅनेजरबाई होत्या.

"म्हटलं, बाई इकडूनच चालल्यात, तर कापड आणि दोरा दाखवते," बायको म्हणाली आणि टॉवेलांकडे बघून थबकली.

मॅनेजरबाईंनी वरचा टॉवेल उचलला. लांब धरला, जवळ धरला. "हिला विचारून लिहिणे," त्यांनी सावकाश वाचलं. "हे आमचं नाव नाही."

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. 'उपरोक्त' हा एकच शब्द बाहेर आला.

"हे होय? ही ट्रायल," बायको पापणीही न हलवता म्हणाली. "टर्किशवर टाके कसे बसतात ते आधी बघायला लागतं. नाव आता रात्री घालायचंय."

"प्रत्येक टॉवेलावर ट्रायल?"

"आमच्याकडे काम तसं असतं."

मॅनेजरबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं, टॉवेल उलटून मागची बाजू बघितली. "टाके मात्र सुरेख आलेत. कुठे झोळ नाही, काही नाही. आमचं नाव असंच घाला. पण जुन्याचा मागमूस राहायला नको, आणि सकाळी वेळेवर हवेत. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

त्या गेल्या. दार लावून बायको खुर्चीत बसली, टॉवेल मांडीवर घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेडक्लार्कांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगताना आपण किती मूर्ख आहोत हे त्यांचं त्यांनाच नव्याने कळत गेलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. कुठल्याही परिपत्रकात त्यांनी हे वाक्य वापरलं नव्हतं.

"रडायला वेळ नाही," बायको डोळे पुसत म्हणाली. "उसवायला घ्या. मागच्या बाजूने खालचा दोरा कापायचा, मग वरचा अलगद ओढायचा. जोर लावायचा नाही."

हेडक्लार्क ब्लेड घेऊन बसले. अलगद म्हणजे किती, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. तिकडे बायकोला राहून राहून त्या टाक्यांचं नवल वाटत होतं.

"आई, ताण तू कसा काय बरोबर लावलास?"

"मी कुठे लावला? कागदात होतं, 'ताण बेताचा असल्याची खात्री करावी.' मी मशीनकडे बघितलं आणि म्हटलं, असेल. पण खरं सांग, बेताचा म्हणजे किती गं?"

"आई, ते कळतं आपो..." बायको बोलता बोलता थांबली. तिने टॉवेलांच्या राशीकडे बघितलं. मग म्हणाली, "दोरा दोन बोटांत धरून ओढ. केसांतला गुंता सोडवताना कंगव्याला लागतो ना, तेवढा जोर लागला पाहिजे."

"हात्तिच्या! मग हे लिहा की!"

"हे मला का नाही सांगितलंस?" हेडक्लार्क कोपऱ्यातून म्हणाले.

"तुम्ही आकड्यात मागितलंत. आणि वर बघू नका, हाताकडे बघा."

पण सूचना यायला उशीर झाला होता. ब्लेड टॉवेलाच्या आरपार गेलं होतं आणि हेडक्लार्कांचा अंगठा पलीकडून बाहेर आला होता. बायको ओरडणार, तोच तिला काहीतरी सुचलं. तिने मोबाइल काढला आणि म्हणाली, "थांबा, हलू नका." हेडक्लार्कांना वाटलं, कौतुकच असेल.

मग घरात निराळाच कारभार सुरू झाला. सासूबाई एकेक पायरी मोठ्याने वाचायच्या आणि अडलं की अडलं म्हणायच्या. बायको उसवता उसवता सांगायची आणि सासूबाईंना समजेपर्यंत पुन्हा सांगायची, मग त्या ते तिथल्या तिथे टाइप करायच्या. हेडक्लार्कांचा संबंध फक्त ब्लेडशी उरला, आणि थोड्या वेळाने तेही काढून घेण्यात आलं. सकाळी टॉवेलांवर हॉटेलचं नाव झळकलं. फाटलेला तेवढा एक बायकोने स्वतःच्या पैशाने बदलून दिला. मॅनेजरबाईंनी प्रत्येक टॉवेल उजेडात धरून तपासला आणि पडद्यांची मापं काढायला केव्हा येता, असं विचारलं. बायको घरी आली ती त्या गाळ्याच्या मालकाला भेटूनच आली. हेडक्लार्कांना इतका आनंद झाला की त्यांनी तो बोलूनही दाखवला, आणि बायको चक्क लाजली.

मार्गदर्शिका बायकोनेच उलटाटाक्याकडे रवाना केली. काही दिवसांनी निरोप आला, 'उत्कृष्ट. जशीच्या तशी लावली आहे.' हेडक्लार्कांनी ऑफिसात जाहीर केलं की जगभर वाचली जाणारी आपली एक कृती प्रसिद्ध झाली आहे. आवक, जावक, दोन्ही टेबलं रिकामी करून सगळे त्यांच्या कॉम्प्युटरभोवती जमले. साहेबसुद्धा केबिनमधून बाहेर आले.

पान उघडलं. वर होतं, 'लेखन:' आणि पुढे बायकोचं नाव. 'चाचणी:' आणि पुढे सासूबाईंचं. हेडक्लार्क खाली खाली सरकत राहिले. त्यांच्या उपरोक्ताचं, तदनंतराचं, उर्वरित नगांचं कुठे नावनिशाण नव्हतं.

"तुमचं कुठाय यात?" साहेबांनी विचारलं.

"असेल, असेल," हेडक्लार्क म्हणाले, आणि उसवण्याच्या प्रकरणाशी येऊन थांबले. तिथे एक मोठा, रंगीत, अत्यंत स्पष्ट फोटो होता. पांढऱ्या टॉवेलाला पडलेलं भोक आणि त्यातून बाहेर आलेला अंगठा. अंगठ्यावर कधीही न निघणारी जांभळी शाई. फोटोखाली ठळक अक्षरांत होतं, 'असे करू नये.'

"अहो, हा तर आपल्या स्टॅम्प-पॅडचा रंग!" शिपाई आनंदाने ओरडला. "हेडक्लार्कसाहेब, हा तुमचाच अंगठा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडक्लार्कांनी घाईघाईने पान मिटलं, तर मागे उलटाटाक्याचा नवा निरोप येऊन पडलेला दिसला. निरोप बायकोला उद्देशून होता, पण अभिनंदन हेडक्लार्कांचंच केलं होतं. 'सबंध मार्गदर्शिकेत वाचकांना सर्वात पटकन समजलेली गोष्ट म्हणजे तो अंगठा. पुढच्या आवृत्तीत आम्ही चुकांचं एक मोठं प्रकरण घालतो आहोत. त्यातल्या सगळ्या चुका कृपया या गृहस्थांकडूनच करून घ्याव्यात. फार शिकवावं लागेल असं वाटत नाही.'